अकरा हात

उंबरखोल, ता. १२ नोव्हेंबर १९६१

शिवदास,

पाकिटावरचे अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच चुलीत टाकशील, म्हणून पत्ता रतनकडून लिहून घेतला. बाबाजी तांडेलाचा रतन. गेल्या महिन्यात तो सुकी मासळी घेऊन श्रीवर्धनला आला होता, तेव्हा तू त्याला बंदरावर भेटलास. तू दुसऱ्याच्या होडीवर खलाशी आहेस आणि तुझी राही शाळेत जाते, एवढे त्याने सांगितले. माझे नाव तू काढले नाहीस, हेही सांगितले. मी विचारले म्हणून सांगितले.

पत्र लिहायला सोनूआत्याने लावले. तुम्ही बापलेक वाडी सोडून गेलात त्याला आता अडीच वर्षे होतील. तुझी आत्या तेव्हा हलली नाही ती तिथेच आहे. डोळ्यांना कमी दिसते, पण पायांवरून माणूस ओळखते. यंदाच्या पावसात तिच्या घराची मागची भिंत बसली. मी चार दिवस वरच्या गावातून खाली वाडीत उतरून चिऱ्याची भिंत घालून दिली. मजुरी घेतली नाही, तिनेही विचारली नाही. चहा मात्र रोज केला. "च्या खारट लागंल, पी गुमान," असे म्हणायची.

तिचा निरोप असा: "त्याला लिव, मी हाय अजून. पन येऊ नको म्हनावं. हितं काय ठेवलंय त्याचं."

आपली विहीर आहे तशीच आहे. जाळी धुवायला उपयोगी पडते. जागा चुकली, असे वाडीतले लोक अजून म्हणतात. मी काही म्हणत नाही.

राही आता आठ-नऊ वर्षांची असेल. तिला आशीर्वाद.

कोंडाजी


उंबरखोल, ता. ४ फेब्रुवारी १९६२

शिवदास,

तुझे उत्तर नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही दिले नसते.

काल सोनूआत्याने मला धरले. "कोंडाजी, त्या हिरीचं नेमकं काय झालं रं? तू बांधलीस, तू सांग." मी चुना कमी पडला की काय असे काहीतरी पुटपुटून उठलो. घर येईपर्यंत ठरवले की सगळे क्रमाने कागदावर लिहायचे. तुला माहीत आहे तेही लिहितो, कारण मधली एक गोष्ट गाळली की पुढची गाळायला मला बरे पडते.

नबाबाचे राज्य जाऊन दहा वर्षे झाली होती, तरी वाडीला प्यायचे पाणी नव्हते. तुमच्या बायका दीड मैल चढून आमच्या गावच्या विहिरीवर येत. उन्हाळ्यात आमच्याच विहिरीचा तळ दिसू लागला की होडीत हंडे घालून खाडीपलीकडे जात. तू तालुक्याला खेटे घातलेस तेव्हा कुठे ओव्हरसियर आला. त्याने वाडीत फिरून घरे मोजली आणि ओटीवर बसून सांगितले, "बावीस घरं आहेत. डोंगरापलीकडून एवढ्यांसाठी नळ आणणं कुणालाच परवडायचं नाही. आणि आणला तरी पुढं फुटला, गंजला, तर दुरुस्त कोण करणार?"

तो वाईट माणूस नव्हता. होते ते बोलला.

तू म्हणालास, "मग हितंच हीर काढू, साहेब. चिरा आमचा, चुना आमचा, हात आमचे. जे आमाला जमनार न्हाय तेवढंच तुमी द्या."

तो हसला, पण कागद केला. लोखंड, दोर आणि रहाट सरकारचे, बाकी सगळे वाडीचे. चिरा मी माझ्या माळावरून फोडून दिला. वाडीच्या बायका दोन महिने ओहोटीला शिंपले गोळा करत होत्या. तू त्यांची भट्टी लावलीस आणि चुना पाडलास. सोनूआत्याने खर्चाला पायातले वाळे दिले. तुझी तुळशी तेव्हा राहीला शेजारी बसवून चुन्याला पाणी मारत होती, आणि तिच्या पायांना फोड आले होते.

जागा तू दाखवलीस. तुझे आजोबा जिथे वाळू उकरून पाण्याचा झिरा काढत तीच. आणि पहिली कुदळ मारायच्या आधी तू मला बाजूला घेऊन म्हणालास, "खाडीत पावसात बघतोस न्हवं? गोडं पानी वर, खारं खाली. ह्या वाळूतबी तसंच हाय. अकरा हातांखाली जाऊ नको, कोंडाजी. पानी कमी दिसलं तरी चालंल."

मी बरे म्हणालो.

पुढचे आज लिहवत नाही.

कोंडाजी


उंबरखोल, ता. २२ एप्रिल १९६२

शिवदास,

मी तेरा हात खणले.

हे वाक्य लिहायला मला अडीच महिने लागले. आता लिहिले आहे तर सगळेच लिहितो.

त्या वैशाखात तू आठ दिवस होडीवर बाहेर होतास. अकरा हात पुरे झाले होते आणि विहिरीत गुडघाभर पाणी होते. उद्घाटनाला तालुक्याची माणसे येणार होती. मला वाटले, एवढी माणसे वाकून बघणार आणि तळाला डबके दिसणार. माझ्या हातची विहीर. माझ्या बापाने आणि आज्याने ह्या मुलखात विहिरी बांधल्या, त्यांतल्या एकीतही वैशाखात पाणी कंबरेखाली गेले नाही. माझ्याबरोबर आमच्या गावचा गुणाजी होता. तो म्हणाला, "शिवदास न्हाय म्हनाला व्हता ना?" मी म्हणालो, "कोळ्याला होडीतलं कळतं. हिरीतलं मला शिकवू नको."

दोन हात आणखी गेलो. पाणी उसळून आले. मी हाताने चाखले, गोडे होते. मग चिरे लावून घेतले आणि वर चढलो.

तू परत आलास तेव्हा पाणी छातीभर होते. तू काठावरून बघितलेस आणि विचारलेस, "अकराच ना?"

"अकराच," मी म्हणालो.

तू मला मिठी मारलीस, वाडीतल्या सगळ्यांसमोर. ती मिठी मी घेतली.

पुढचे तू भोगलेस. पावसाळाभर पाणी गोडे राहिले. फाल्गुनात चव बदलली आणि चैत्रात गाईगुरेसुद्धा तोंड लावीनात. देवळात बैठक बसली तेव्हा ओव्हरसियर म्हणाला की जागा चुकली असावी, आणि बावीस घरांनी तुझ्याकडे बघितले, कारण जागा तू दाखवली होतीस. एक जण म्हणाला, आता पुन्हा कोण देणार आम्हाला विहीर. दुसरा म्हणाला, शहाणपणा नडला. तू उभा राहून सारखा एकच सांगत होतास की जागा बरोबर आहे, माझ्या आजोबांचा झिरा होता. मी चार हातांवर खांबाला टेकून बसलो होतो. तू मला म्हणालास, "कोंडाजी, तू तरी सांग." मी म्हणालो, "मला दाखवली तिथं बांधली."

गुणाजी तोवर मुंबईला गोदीत लागला होता. माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हते.

महिन्याभराने खाडीपलीकडे पाणी आणायला गेलेली होडी उलटली आणि तुळशी गेली.

मला काही मागायचे नाही. येत्या शुक्रवारी वाडीची बैठक आहे. मी खाली उतरून सांगणार आहे. आधी तुला कळावे म्हणून लिहिले.

कोंडाजी


उंबरखोल, ता. १५ जून १९६२

शिवदास,

सांगितले.

देवळासमोर सगळे जमले होते. बाबाजी तांडेलाने विचारले, वरच्या गावचा माणूस कशाला आलाय. मी उभा राहून तुला लिहिले ते सगळे बोललो. माझे संपल्यावर तुळशीची थोरली बहीण रंगू उठली. मला वाटले मारील. तिने मारावे असेही वाटले. ती जवळ येऊन म्हणाली, "तीन वरसं आमी त्याला शिव्या घातल्या. माज्या बहिनीच्या नवऱ्याला मी सोताच्या तोंडानं घातल्या. आन् तू वर बसून ऐकत व्हतास." मग तोंडावर पदर घेऊन घरी गेली.

बाबाजी उठून माझ्यासमोर आला. मग म्हणाला, "तू रडू नको हितं. आता काय करनार ते सांग."

ते मी आधीच विचारून आलो होतो. तालुक्याला नवा ओव्हरसियर आहे, पोरगेलासा. त्याने माझ्यापुढे कागदावर चित्र काढले. पावसाचे गोडे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. वरवरचे हळूहळू काढले तर गोडेच मिळते. खोल गेलो किंवा एकदम उपसले की खारे वर चढते. मी त्याला सांगितले, हे मला आधी एका कोळ्याने सांगितले होते. तो म्हणाला, "मग ऐकलं का नाही?"

उपाय महागाचा नाही. तळ चिकणमातीने भरून काढायचा. सगळा भार एका विहिरीवर नको म्हणून चाळीस पावलांवर दुसरी, आठच हातांची, उथळ विहीर काढायची. घरटी सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन हंडे, जास्त नाही. आणि निदान एक पावसाळा थांबायचे. हेच चार वर्षांपूर्वी केले असते तर एक पैसा जास्त लागला नसता.

पहिले दोन दिवस मी एकट्याने विहीर उपसली. वाडीतले कुणी जवळ आले नाही आणि तेच बरोबर होते. माझ्या गावातही दोघांनी मला दिलेली चौथऱ्यांची कामे काढून घेतली. खोटे बांधणारा गवंडी, असे म्हणतात. माझ्या बायकोला, ठमाला, मी बैठकीच्या आदल्या दिवशीच सांगितले होते. ती तेव्हापासून बोलत नव्हती, ताट वाढून आत जायची. तिसऱ्या दिवशी मी तळाला गुडघाभर चिखलात उभा असताना वरून मातीची पाटी खाली आली. बघतो तर दोर ठमाच्या हातात होता. "भर," एवढेच म्हणाली. दुपारी रंगू आली आणि दोराला दुसरा हात तिने लावला. त्या दोघी एकमेकींशी बोलत होत्या, माझ्याशी नाही.

दोन हात भरून काढले. वर चिरे बसवले. बाबाजीने स्वतः दोर सोडून माप घेतले आणि सगळ्यांना ओरडून सांगितले. मग उथळ विहिरीला अख्खी वाडी लागली. पाऊस धरायच्या आत चिऱ्याचा शेवटचा थर बसला.

सोनूआत्या काठाशी येऊन बसायची. शेवटच्या दिवशी म्हणाली, "शिवदासाला लिव, लोक आता त्याचं नाव चांगलं घेत्यात." ते लिहिले.

कोंडाजी


उंबरखोल, ता. ९ डिसेंबर १९६२

शिवदास,

तुझे कार्ड आले. पोस्टमनने हातात दिले तेव्हा ओटीवरच वाचले. वर माझे नाव, खाली एकच ओळ: 'तुळशी त्या दिवशी आधी वरच्या गावात पाण्याला आली होती का?'

तुला हे कुठून कळले ते मी विचारत नाही. ती सकाळी हंडे घेऊन डोंगराच्या वाटेने गेली आणि होडी सुटली दुपारी, हे तू मनात घोळवत असशील.

होय, आली होती.

त्या वैशाखात आमच्या विहिरीला झऱ्याची करंगळीएवढी धार उरली होती. पंचांनी ठरवले होते की आधी गावाने भरायचे, उरले तर वाडीने. मी कामावर निघालो होतो आणि वाट विहिरीवरूनच जाते. तुळशी कठड्याबाहेर दगडावर बसली होती, दोन रिकामे हंडे पुढ्यात ठेवून. मला बघून उठली. म्हणाली, "भावजी, तुमी जरा सांगा ना त्यांना. उजाडल्यापासनं बसलेय. पोर घरी तापानं फणफणलीय, तिला प्यायला तरी एक हंडा द्या म्हनावं."

पंचांत माझा चुलता होता. मी शब्द टाकला असता तर एक हंडा मिळाला असता. कुणी अडवले नसते.

मी "बघतो" म्हणालो आणि पुढे गेलो.

चुलत्याकडे गेलो नाही. कामावर गेलो. दुपारी परतताना मुद्दाम तीच वाट धरली. दगडावर कुणी नव्हते. शिवदास, खरे लिहितो, तिथे ती दिसली नाही तेव्हा मला बरे वाटले. दिवस मावळायच्या आत खालून माणूस सांगत आला की होडी भरून येताना वाऱ्याने कलंडली, तिघी पोहून काठाला लागल्या, तुळशी लागली नाही. तिने हंडे सोडले नव्हते, असे त्या तिघींतली रंगू म्हणाली.

तेरा हातांचे मी वाडीसमोर बोललो. हे बोललो नाही. ठमालाही सांगितले नव्हते. तू विचारले नसतेस तर तुलाही लिहिले नसते, हे मला ठाऊक आहे आणि आता तुलाही ठाऊक झाले.

जुन्या विहिरीचे पाणी अजून मचूळ आहे, पण गुरे पितात. सोनूआत्या अंथरुणाला आहे. रंगू तिला दोन वेळा भाकरी नेऊन देते. तिला बघायचे असेल तर लवकर ये. मी समोर येणार नाही.

कोंडाजी


उंबरखोल, ता. १९ फेब्रुवारी १९६३

शिवदास,

सोनूआत्या काल सकाळी गेली. रतनने तार केली ती तुला मिळाली असेल, तरी लिहितो. शेवटी दोन दिवस पाणी मागत होती. रंगूने उथळ विहिरीचे आणून पाजले. तिला चव विचारली तर म्हणाली, "ह्या तोंडाला आता काय कळतंय."

बाबाजीने सगळे व्यवस्थित केले. तिचे घर बंद करून किल्ली रंगूकडे ठेवली आहे.

कोंडाजी


उंबरखोल, ता. २७ मे १९६३

शिवदास,

परवा तू येऊन गेलास. हे शेवटचे पत्र. तू आता लिहू नको म्हणालास आणि ते मी पाळणार आहे. पण एक गोष्ट सांगायची राहिली, ती सांगून थांबतो.

तू येणार हे रंगूने ठमाला सांगितले होते. मी ठरवल्याप्रमाणे घरात बसून होतो. दुपारी रतन बोलवायला आला की शिवदासकाका विहिरीवर बोलावतोय. मी खाली उतरलो. चार वर्षांनी तुला बघितले. केस पिकलेत तुझे.

वैशाख असूनही दोन्ही विहिरींवर बायकांची रांग होती. रंगू पाळी लावत होती, घरटी दोन हंडे. तू एका बाईच्या हंड्यातून ओंजळ घेतलीस. मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. तू पाणी प्यायलास, हात धोतराला पुसलास आणि म्हणालास, "गोडं हाय."

मी काहीतरी बोलू लागलो तर तू हात वर केलास. "तुज्याशी बोलाया मी आलो न्हाय, कोंडाजी. आत्याचं घर रंगूच्या नावानं करायला आलो. आन् ह्याफुडं पत्र लिवू नको. पन ह्या पोरीला मी अजून सांगितलं न्हाय. आई होडी उलटून गेली, एवढंच तिला ठावं हाय. मला सांगवत न्हाय. तू सांग."

आणि राहीला माझ्यासमोर उभी करून तू माडांच्या बाजूला निघून गेलास. दहा वर्षांची पोर. तुळशीसारखेच कपाळ. मला वाटले होते तू शिव्या देशील, मारशील, काही झाले तरी ते माझ्या-तुझ्यात होईल. हे मनात आले नव्हते.

तू लांब होतास, तुला ऐकू आले नसेल. म्हणून लिहितो. मी काठाशी खाली बसलो म्हणजे माझे तोंड तिच्या बरोबरीला आले. विहीर कशी खणली, कुणाचे ऐकले नाही, खोटे काय बोललो, ते सोपे करून सांगितले. मग दगडावर बसलेल्या तिच्या आईचे सांगितले. घरी पोर तापाने फणफणली आहे, असे आई म्हणाली होती तेही, कारण अर्धे सांगायचे नाही असे मी ठरवून आलो होतो. पण सांगताना लक्षात आले की आजारी पोर ही स्वतःच. तिच्याही लक्षात आले. तिने विचारले, "म्हंजे माज्यासाठी गेली ती पान्याला?"

मी म्हणालो, "न्हाय बाय. सगळ्या घरासाठी जायची तशी गेली. तुजा त्यात काहीबी दोष न्हाय. माजा हाय."

ती काठाच्या चिऱ्यावरून बोट फिरवत राहिली. रडली नाही. मग म्हणाली, "मंग तुमी एक हंडा का न्हाय दिला?"

शिवदास, मला उत्तर देता आले नाही. तेवढ्यात तू हाक मारलीस, लाँचची वेळ झाली होती. ती माझ्याकडे बघत उभी राहिली, दोन-तीन क्षण, खरेच उत्तराची वाट बघत. मग वळून तुझ्याकडे धावली. मी मागोमाग आगरदांड्याच्या धक्क्यापर्यंत आलो होतो, तुला दिसलो नसेन. लाँच दिघीकडे सुटली तेव्हा ती कठड्याला धरून उभी होती.

घरी येऊन दोन दिवस विचार केला. निमित्ते पुष्कळ सापडली. विहिरीला पाणी नव्हते, पंचांचा ठराव होता, मला कामाची घाई होती. सगळी खरी आहेत आणि एकही उत्तर नाही. उत्तर असे आहे: माझ्यामुळे तिच्या नवऱ्याला वाडी शिव्या घालत होती आणि तिच्या तोंडाकडे बघायची मला लाज वाटत होती. चुलत्याकडे शब्द टाकायचा तर तिथे तिच्या शेजारी उभे राहावे लागले असते. ते टाळायला मी निघून गेलो. माझी लाज मला तिच्या तहानेपेक्षा मोठी वाटली. एवढेच कारण होते. याहून मोठे कारण असते तर मी ते आनंदाने लिहिले असते.

पोरीला हे आत्ता सांगू नकोस असे वाटते, पण ते तू ठरव. तिने मला विचारले होते, तेव्हा उत्तर तिचे आहे. ती पुन्हा विचारील त्या दिवशी हा कागद तिच्या हातात दे.

कोंडाजी